वैमानिकांची गेट मीटिंग

श्रोते हो, नमस्कार.

आपल्या छत्रपती संभाजीनगर भागात करार म्हटला की वाळूज, चिकलठाणा किंवा शेंद्रा येथील कारखान्यांचा वेतनकरार डोळ्यांसमोर येतो. मागणीपत्र, वाटाघाटींच्या फेऱ्या आणि फिसकटलेच तर कामगार उपायुक्तांचे कार्यालय, ही सारी रीत इथल्या घराघरांत माहीत असल्यामुळे मी ती समजावून सांगत बसत नाही. आज मला बोलायचे आहे ते विमान चालवणाऱ्यांच्या कराराविषयी. त्यांचा पगार आपल्या डोळ्यांत भरतो. परंतु कराराच्या टेबलावर त्यांची ताकद वाळूजच्या एखाद्या मध्यम कारखान्यातील कामगारांएवढीही नसते. पुन्हा सांगतो, पगार मोठा असला तरी करार करण्याची ताकद लहान आहे, आणि वैमानिकांच्या वैतागाचे मूळ तिथेच आहे.

याची कायद्यातील बाजू थोडक्यात सांगतो. १९२६ च्या कामगार संघटना कायद्याने युनियनची नोंदणी होत असे. मालकाने तिच्याशी बोललेच पाहिजे, असे तो कायदा म्हणत नव्हता. महाराष्ट्राने १९७१ मध्ये स्वतंत्र कायदा करून तीस टक्के सभासद असलेल्या युनियनला मान्यता मिळण्याची वाट मोकळी केली आणि वाळूजच्या युनियन त्याच वाटेने उभ्या राहिल्या. विमानवाहतूक मात्र केंद्र सरकारच्या अखत्यारीत येत असल्याने त्या राज्य कायद्याचा आधार वैमानिकांना मिळाला नाही. राहिला पगाराचा मुद्दा. लाखांत पगार घेणारा माणूस कामगार कसा, असे लोक विचारतात. औद्योगिक विवाद कायद्यातील पगाराची मर्यादा देखरेख करणाऱ्यांसाठी होती, कुशल किंवा तांत्रिक काम करणाऱ्यांसाठी नव्हती. म्हणून मोठ्या पगाराचा वैमानिकही कायद्याने कामगार ठरू शकत होता. आपल्याकडे फौजदारी कायदा पारावर बसलेल्या प्रत्येकाला पाठ असतो आणि ज्या कायद्यावर घर चालते तो कामगार कायदा कोणी उघडूनही पाहत नाही, हे माझे जुने दुखणे आहे, ते असो.

आता एक प्रसंग सांगतो. मागच्या हिवाळ्यात पैठण रस्त्यावरच्या आमच्या शेतात हुरड्यासाठी चार माणसे जमली होती. हल्ली हुरड्याला तिकीट लावतात आणि सोबत नूडल्सही वाढतात, ते मला मुळीच मान्य नाही; आमच्याकडे आगटी, गोवऱ्या, शेंगदाण्याची चटणी आणि गूळ एवढेच असते. माझा भाचा एका खासगी विमान कंपनीत कॅप्टन आहे, तो सुट्टीवर आला होता. शेजारी बसले होते आमचे नाना. नानांचे आयुष्य वाळूजच्या एका कारखान्यात गेले, आणि त्यातील बरीच वर्षे ते युनियनचे सरचिटणीस होते. भाच्याने नव्या कराराबद्दल कुरकुर सुरू केली, तेव्हा नाना कणीस चोळत होते. ते थांबले.

“मागणीपत्र कोणी दिलं होतं?” नानांनी विचारले.

“कोणीच नाही, नाना. कंपनीचा ई-मेल आला. अमुक तारखेपर्यंत मान्य करा, एवढंच होतं त्यात.”

“अन् तुमच्या बाजूनं सही कोणाची?”

“ज्याची त्याची. मोबाइलवर बटण दाबायचं.”

नानांनी चष्मा मागितला आणि राखेने काळे झालेले बोट त्या मोबाइलच्या काचेवर फिरवत करार वाचायला घेतला. काचेवर काजळीचे पट्टे उमटत होते, भाचा ते बाहीने पुसत होता आणि नाना पुन्हा उमटवत होते. उड्डाणाच्या तासांच्या कलमावर ते अडले. भाच्याने सांगितले की पगाराचा मोठा भाग उड्डाणाच्या तासांवर ठरतो, आणि विमान जागेवरून हलल्यापासून पुन्हा जागेवर उभे राहीपर्यंतचाच वेळ त्यात धरतात. दिल्लीच्या धुक्यात गणवेश घालून चार तास टर्मिनलवर बसावे लागले, तर ते तास उड्डाणाचे नसतात. म्हणून उड्डाण होवो न होवो, महिन्याला किमान काही तासांचे पैसे मिळण्याची हमी असते, आणि नव्या करारात नेमकी हीच हमी खाली आणली होती.

“मग आम्ही कारखान्याच्या दारावर घ्यायचो तशी गेट मीटिंग घेतली का नाही?” नाना म्हणाले.

भाचा हसला. “गेट कुठलं, नाना? मी सकाळी कोलकात्यात असतो आणि रात्री कोचीत. कॉकपिटमध्ये आम्ही दोघंच, अन् उद्या शेजारी वेगळाच माणूस बसतो. रोस्टर तसंच असतं. काही जणांची तर वर्षानुवर्षं गाठ पडत नाही.”

“मग बोलता कुठं?”

“व्हॉट्सॲपवर.”

“त्या ग्रुपात साहेबाचा माणूस नाही कशावरून?”

भाच्याला यावर उत्तर सुचले नाही. नाना म्हणाले, “मग जमत नसंल तर सोडून दे की नोकरी.” भाच्याने सांगितले की कमांडरला, म्हणजे त्याच्यासारख्या कॅप्टनला, वर्षभराची नोटीस द्यावी लागते आणि सहवैमानिकाला सहा महिन्यांची, असा विमानवाहतूक महासंचालनालयाचाच नियम आहे. कारखान्यातला माणूस महिनाभरात मोकळा होतो, हा मात्र वर्षभर बांधलेला, हे ऐकून नाना बराच वेळ आगटीतल्या गोवऱ्या काडीने सारत राहिले.

तेवढ्यात माझी बहीण ताजा हुरडा घेऊन आली आणि कौतुकाने म्हणाली, “नाना, त्याला बढती पण मिळाली बरं का. आता मॅनेजमेंटमध्ये धरतात त्याला.”

“कधी?” नानांनी विचारले.

“याच करारात,” भाचा म्हणाला.

“काम बदललं का?”

“नाही. तेच विमान, तेच रोस्टर.”

“रजा कोणाची मंजूर करतोस? कोणाला मेमो देतोस?”

“माझीच रजा दुसरा कोणी मंजूर करतो, नाना.”

नानांनी हातातला हुरडा खाली ठेवला. “बाळा, तुला बढती नाही दिली, तुला युनियनमधून काढलं. कराराच्या वर्षी मलाही सुपरवायझर करत होते. पांढरं हेल्मेट पार टेबलावर आणून ठेवलं होतं. मी ते घातलं असतं तर दुसऱ्या दिवशी मागणीपत्रावर सही कोणी केली असती?”

भाचा काही बोलला नाही. बहिणीला मात्र राग आला आणि तिने नानांच्या पुढ्यातली चटणी उचलून नेली.

श्रोते हो, नानांनी शेतात बसून जे ओळखले, तोच वाद एप्रिल २०२३ मध्ये देशभर गाजला. खासगीकरणानंतर एअर इंडियाने वैमानिकांपुढे नवे वेतनकरार ठेवले. त्यात काही वर्षे कमांडर म्हणून काम केलेल्यांना वरिष्ठ कमांडर म्हणून व्यवस्थापनात धरण्याची तरतूद होती. इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन आणि इंडियन पायलट्स गिल्ड या दोन्ही संघटनांनी तिला विरोध केला, कारण अनुभवी कमांडर बाहेर गेले तर संघटनेत उरतो तो कर्जाचे हप्ते भरणारा तरुण सहवैमानिक. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०२४ मध्ये, ‘विस्तारा’ या विमान कंपनीच्या वैमानिकांची किमान हमी सत्तर तासांवरून चाळीसवर येणार म्हटल्यावर अनेक जण एकाच वेळी आजारी पडले आणि कंपनीला उड्डाणे कमी करावी लागली.

आजारी पडण्याची ही तऱ्हा जुनी आहे. २००९ मध्ये जेट एअरवेजच्या वैमानिकांनी संघटना स्थापन केली, काही सहकाऱ्यांना कामावरून काढण्यात आले आणि सप्टेंबरमध्ये शेकडो वैमानिक आजारपणाच्या रजेवर गेले. काढलेल्यांना परत घेण्याचे ठरल्यावरच ते कामावर परतले. विमानसेवा ही सार्वजनिक उपयोगितेची सेवा असल्याने नोटीस दिल्याशिवाय संप करता येत नसे, म्हणून ही पळवाट.

मात्र सगळा दोष मालकांच्या माथी मारणे मला पटत नाही. २००७ मध्ये एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स यांचे विलीनीकरण झाले आणि दोन्हीकडच्या वैमानिकांच्या संघटना वेगळ्याच राहिल्या. २०११ मध्ये एका संघटनेने दुसरीच्या सभासदांएवढा पगार मिळावा म्हणून संप केला. २०१२ मध्ये दुसरीने संप केला तो पहिलीच्या सभासदांना नव्या ड्रीमलायनर विमानांचे प्रशिक्षण मिळू नये म्हणून. तो संप ५८ दिवस चालला, शंभरावर वैमानिकांची नोकरी गेली, संघटनेची मान्यताही गेली, आणि शेवटी दिल्ली उच्च न्यायालयात कामावर परतण्याची तयारी दाखवून वैमानिक माघारी आले. भावकीचा बांध कोरण्यात शेत घालवावे, तसाच हा प्रकार झाला. त्यात काय मिळाले, असे मी एका निवृत्त कमांडरला विचारले होते. त्याने ज्येष्ठतायादीविषयी अर्धा तास सांगितले आणि कराराविषयी अवाक्षरही काढले नाही.

नोव्हेंबर २०२५ पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. हा मुद्दा वैमानिकांनी आणि वाळूजच्या कामगारांनीही नीट ऐकावा. एका आस्थापनेत अनेक संघटना असतील तर एक्कावन्न टक्के पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटीची संघटना ठरते. म्हणजे वाटाघाटीसाठी संघटनेला मान्यता देण्याची तरतूद केंद्रीय कायद्यात प्रथमच लागू झाली. त्याच संहितेत निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी ठरवून घेतलेली नैमित्तिक रजा हा संप मानला आहे, आणि चौदा दिवसांची नोटीस आता सर्वच उद्योगांना लागू आहे. आजारपणाच्या रजेवर वकील वाद घालतील. पण कायद्याचा रोख उघड आहे. एक्कावन्न टक्के मोजताना मात्र व्यवस्थापनात ढकललेले कमांडर मोजले जातीलच असे नाही. तेव्हा वैमानिकांना पुढचा झगडा पगाराच्या आकड्यावर करण्याआधी त्या पदनामावर करावा लागेल, आणि तो दोन्ही संघटनांना एकाच अर्जावर सही करून करावा लागेल. नमस्कार.