ठिबकची वाकडी नळी

राम राम मंडळी.

मागच्या उन्हाळ्यात शिरपूरकडचे एक केळीवाले शेतकरी माझ्याकडे तपासायला आले. बसल्या जागी चष्मा धोतराच्या सोग्याला पुसत होते. पुसायचे, लावायचे, परत पुसायचे. म्हणाले, "डॉक्टरसाहेब, डोया लाल नही, दुखत नही. पन ठिबकनी नयी मझार वाकडी दिखास."

नळी सरळच होती. वाकडं दाखवत होता तो डोळ्यातला पडदा.

डोळा लाल झाला की आपण घाबरतो, ते बरंच आहे. पण डोळ्याच्या मागच्या बाजूला सूज येते तेव्हा बहुतेक वेळा लालीही नसते आणि ठणकाही नसतो. डोळा वरून पांढरा स्वच्छ, आणि आत पडदा जळत असतो. काळे ठिपके माशांसारखे फिरतात, समोर धूर साचल्यासारखा होतो, सरळ रेघ मोडलेली दिसते. एवढीच काय ती तक्रार. त्यातही एका डोळ्याला त्रास असला की दुसरा डोळा सांभाळून घेतो आणि माणसाला महिनोन्महिने पत्ता लागत नाही. म्हणून एक डोळा तळहाताने झाकून दाराच्या चौकटीकडे बघा, मग दुसरा झाका. आत्ता रेडिओ ऐकता ऐकता बघितलंत तरी चालेल.

डोळ्याचा गोळा जेमतेम 24 मिलिमीटरचा. त्याच्या मधल्या थराला युव्हिया म्हणतात. लॅटिनमधल्या द्राक्षाच्या शब्दावरून हे नाव पडलं, कारण वरचं आवरण काढलं की तो सोललेल्या काळ्या द्राक्षासारखा दिसतो. (केळीच्या मुलखात द्राक्षाचं नाव, असो.) या थराचा मागचा भाग रक्तवाहिन्यांनी गच्च भरलेला असतो. त्यामुळे अंगात कुठे जंतू असला तर रक्तावाटे इथे येऊन बसायला त्याला वेळ लागत नाही.

आमच्या या पाहुण्यांचं तेच झालं होतं. बाहुली मोठी करून, हातात भिंग धरून आत पाहिलं, तर पडद्याखाली कडा पुसट असलेले पिवळट डाग. छातीचा एक्स-रे, क्षयासाठी हातावर करतात ती मांटू चाचणी, रक्त, सगळं केलं. निघाला क्षयरोग. खोकला नाही, ताप नाही. "टीबी डोयाले व्हस?" त्यांचा विश्वासच बसेना.

क्षय हे एकच कारण नव्हे. मांजराच्या विष्ठेतून किंवा कच्च्या राहिलेल्या मटणातून येणारा टोक्सोप्लाझ्मा नावाचा जंतू आहे. त्यात आतल्या धुरकटपणातून पांढरा डाग चमकतो, आमच्या पुस्तकांत त्याला 'धुक्यातला हेडलाइट' म्हणतात. नागिणीचे विषाणू आहेत, ते तर काही दिवसांत पडदा खाऊन टाकतात. गरमी म्हणजे सिफिलिस आहे, आणि ती लाजेपायी कोणी सांगत नाही. डेंगी-चिकुनगुनियाचा ताप उतरल्यावर काही आठवड्यांनी नजर अंधुक झालेली मी पाहिली आहे. कधी जंतू नसतोच, शरीराची स्वतःची फौजच घरावर उलटते. दोन्ही डोळे एकदम अंधुक, डोकेदुखी, कानात गुंई, आणि पुढे पापण्यांचे केस पांढरे, असाही एक आजार आहे.

म्हणून औषध एकच नसतं. सूज कमी करायला स्टेरॉइड लागतं, पण जंतू असताना नुसतंच स्टेरॉइड दिलं तर जंतूला रान मोकळं. शिरपूरच्या त्या काकांनी दीड महिना दुकानातून आणलेले थेंब घातले होते. थेंब डोळ्याच्या पुढच्या भागात काम करतात, मागच्या पडद्यापर्यंत फारसे पोहोचत नाहीत. स्टेरॉइडचे थेंब मनाने घालत राहिलं तर मोतीबिंदू, काचबिंदू वेगळा. आणि डॉक्टरांनी दिलेली स्टेरॉइडची गोळी बरं वाटलं म्हणून एकदम तोडायचीही नाही. ती उतरवत आणावी लागते.

काकांना क्षयाची औषधं सुरू केली, ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. सोबत स्टेरॉइड, साखरेवर नजर ठेवून. पोळ्याच्या सुमारास आले तेव्हा म्हणाले, नळी बरीच सरळ झाली, एक जागा मात्र अजून हलकी लचकते. तिथला डाग वाळून व्रण राहिला आहे, तो राहणार.

तपासायला येताना एक करा. बाहुली मोठी करायच्या थेंबांनी चार-पाच तास धूसर दिसतं आणि आपलं ऊन तुम्हाला माहीतच आहे. मोटरसायकल स्वतः चालवत येऊ नका. पोराला नाहीतर शेजाऱ्याला सोबत आणा, आणि डोक्याला उपरणं असू द्या.