तेरावा स्वर, चार बोटं

[डाव्या हाताचा क्लोजअप]

करंगळीकडे बघा. गिटारची दुसरी तार (सर्वात बारीक ती पहिली), पाचवी फ्रेट म्हणजे मानेवरची पट्टी, ई स्वर. कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, आहे डी मायनर नाइन. आता जी थर्टीन. तीन बोटांनी जागा बदलली, करंगळी तिथेच आहे. डीपासून नववा असलेला ई जीपासून तेरावा झाला.

सप्तकात सात स्वर, मग तेरावा कुठून आला? सीपासून एकाआड एक स्वर घेत वर जा: सी, ई, जी, बी. सप्तक ओलांडलं की डी नववा, एफ अकरावा, ए तेरावा. एकूण सात स्वर झाले. गिटारच्या तारा सहा, दाबायला बोटं चार. म्हणून काय गाळायचं ते आधी ठरवावं लागतं. पाचवा बिनधास्त गाळा. तिसरा आणि सातवा मात्र हवेतच, कॉर्डची ओळख त्यांच्यातच असते. मेजर कॉर्डमधला अकरावा तिसऱ्याला घासतो, तोही नको.

[फ्रेटबोर्ड, वरून]

डी मायनर नाइन: पाचव्या तारेच्या पाचव्या फ्रेटवर मधलं बोट, चौथीच्या तिसऱ्यावर तर्जनी, तिसरी आणि दुसरी तार पाचव्यावर, अनामिका नि करंगळी.

जी थर्टीन: सहावीच्या तिसऱ्यावर तर्जनी, चौथीच्या तिसऱ्यावर मधलं बोट, तिसरीच्या चौथ्यावर अनामिका.

सी मेजर नाइन: पाचवीच्या तिसऱ्यावर मधलं बोट, चौथीच्या दुसऱ्यावर तर्जनी, तिसरीच्या चौथ्यावर करंगळी, दुसरीच्या तिसऱ्यावर अनामिका.

आता फक्त मधल्या तारा ऐका. तिसऱ्या तारेवरचा सी एक फ्रेट उतरून बी होतो. मग चौथीवरचा एफ एक फ्रेट उतरून ई. प्रत्येक वेळी सातवा उतरतो आणि पुढच्या कॉर्डचा तिसरा होतो. सहाही तारा भरून वाजवल्या की नेमकी हीच हालचाल बुजते.

[तर्जनीचं टोक, अगदी जवळून]

जी थर्टीन गढूळ वाजतोय? पाचवी तार मोकळी राहिली आहे. खालचा जी 98 हर्ट्झ, मोकळा ए 110. एवढ्या खाली इतके जवळचे स्वर एकमेकांत गुरगुरतात. तर्जनीचं टोक पाचव्या तारेला नुसतं टेकवा, दाबू नका. पहिली तार करंगळीच्या आतल्या बाजूने म्यूट होते.

[काउंट बेसी यांचा जॅझ बँड, जुनं छायाचित्र]

गिटार घेऊन बसलेले फ्रेडी ग्रीन. 1937 ते 1987 याच बँडमध्ये, अॅम्प्लिफायरशिवाय. कॉर्डमधले मोजकेच स्वर ते वाजू देत.

[बास सुरू]

कॉर्डचा मूळ, सर्वात खालचा स्वर आता बासकडे गेला. त्या स्वरावरचं बोट उचला.