कमळपक्ष्याच्या त्या रीलमध्ये आई नाहीये हो!

नमस्कार मंडळी! तर ती रील. तुम्हालाही आली असेलच, मला तर इतक्या जणांनी टॅग केलंय की विचारू नका. कमळाच्या पानावर एक पक्षी उभा, त्याच्या पंखांखालून आठ-दहा पाय लोंबतायत, मागे बासरी, आणि वर मोठ्या अक्षरात ‘आई ती आईच’. कमेंट्समध्ये निम्मे लोक विचारतायत की हे एआयने केलंय का, उरलेले निम्मे डोळे पुसतायत. एआय नाहीये. पक्षी खरा आहे, पंखाखालचे पाय पिल्लांचे आहेत. फक्त ती आई नाही, तो बाप आहे.

बेसिक पटापट उरकतो, कारण ते तुम्हाला कुठेही मिळेल. कमळपक्षी, इंग्रजीत जकाना, जगात आठ जाती, आपल्याकडे दोन. एक लांब शेपटीचा, पावसाळ्यात चॉकलेटी अंग, पांढरा चेहरा, मानेमागे सोनेरी पट्टा. दुसरा ब्राँझ-विंग्ड, काळी चकचकीत मान आणि डोळ्यावर पांढरी भुवई. रीलमधला हा दुसरा. पाण्यावर चालतो का? नाही, पानांवर चालतो. बोटं आणि नखं भयंकर लांब, त्यामुळे वजन पसरतं, चिखलात फळी टाकून आपण चालतो तसं. खातो काय, तर किडे, गोगलगायी, थोडं बी-बियाणं. पाणकोंबडी नाही, दिसायला वाटते, पण हा टिटवीच्या गणातला. आणि हो, ‘दादा खायला कसा लागतो’ विचारणारे तुम्ही तिघं-चौघं, तुम्हाला मी ब्लॉक नाही करत, पण वाचतो सगळं.

आता मुद्द्यावर. नर-मादी ओळखायची कशी?

इथे सगळ्यांची गाडी मोरावर अडकते. लांब शेपटी म्हणजे नर, बिनशेपटीची ती मादी, असं डोक्यात फिट बसलंय. मला लोक फोटो पाठवतात, जोडीचा, खाली लिहिलेलं असतं ‘नर आणि मादी’, बघतो तर दोन फोटो जोडलेत, एक जुलैतला आणि एक जानेवारीतला! अहो, लांब शेपटीच्या कमळपक्ष्यात विणीच्या हंगामात दोघांनाही लांब शेपटी येते. नराला पण, मादीला पण. आणि हंगाम संपला की दोघांचीही गळते, चॉकलेटी रंग जातो, पोट पांढरं होतं, छातीवर काळा पट्टा उरतो. म्हणजे शेपटीवरून महिना कळेल, नर-मादी नाही कळणार. ब्राँझ-विंग्डला तर ती लांब शेपटी कधी येतच नाही आणि हिवाळ्यात वेगळा पोशाख पण नाही.

मग फरक कशात? आकारात. मादी मोठी असते, जवळपास दीडपट वजनाची. पण हे दोघं शेजारी उभे असतील तरच कळतं, एकटा दिसला तर अंदाज लावत बसू नका.

पण एक सोपी खूण आहे. अंड्यांवर बसलेला दिसला, की तो नर. पिल्लांसोबत फिरताना दिसला, की तो नर. आता सेव्ह करा ही ओळ, कारण पुढच्या सीझनला मला पुन्हा ‘आई आणि बाळं’ अशा कॅप्शनचे फोटो येणार आहेत आणि मी पुन्हा तेच टाइप करणार आहे.

हे असं का, ते मादीच्या बाजूने बघू. लांब शेपटीच्या कमळपक्ष्याची मादी एका नराच्या घरट्यात साधारण चार अंडी घालते आणि निघते. घरटं म्हणजे तरी काय, तरंगत्या पानांचा-देठांचा चोथा, कधी तर नुसतं पान. मग ती दुसऱ्या नराकडे, मग तिसऱ्या. एका हंगामात दहापर्यंत वेळा ती अशी अंडी घालू शकते. आता तुम्हीच सांगा, ती कुठल्या घरट्यावर बसणार? अंडी उबवायला 26-28 दिवस लागतात आणि पावसाळा तेवढाच आहे. बसली तर संपलंच.

नराच्या बाजूने बघा. माझी मावशी साकोलीकडची, तिकडे तळी आणि बोड्या, म्हणजे छोटी तळी, इतक्या की पावसाळ्यात गेलो की माझा मुक्काम काठावरच. तिथे शिंगाडे काढणारे एक ढिवर, म्हणजे मासेमार समाजातले काका डोंग्यातून (छोट्या होडीतून) जाता जाता मला म्हणाले, ‘तो बाप होय ना, बाई तं केव्हाचीच गेली’. मी कॅमेरा लावून बसलो होतो त्या घरट्यावर. रात्री पाऊस झालेला, पाणी चढलेलं, घरट्याची एक बाजू पाण्याखाली चाललेली. नर उठला, एका अंड्याच्या पलीकडे चोच टाकली, हनुवटी आणि छातीच्या मध्ये ते अंडं धरलं आणि मागे मागे सरकत ओढायला लागला. अंडं तपकिरी, इतकं गुळगुळीत की पॉलिश केल्यासारखं, दोन वेळा निसटलं. तिसऱ्यांदा त्याने ते शेजारच्या पानावर नेलंच. मग दुसरं. क्लिप लावतोय बघा, आवाज वाऱ्याचा आहे, माफ करा, माईकवर लावायचं विंडशील्ड घरी राहिलं होतं. या सगळ्या वेळात मादी? होती की, लांबवर, दुसऱ्या एका मादीला हुसकावत होती. ती काही आळशी नाहीये, तिचं काम हद्द सांभाळणं.

आणि पिल्लं निघाली की त्यांना भरवायचं नसतं, ती पहिल्या दिवसापासून मोठाले पाय घेऊन स्वतःच टिपत फिरतात. बापाचं काम ऊब देणं आणि पहारा. त्याने धोक्याचा आवाज काढला की पिल्लं जागच्या जागी थिजतात, अर्धं अंग पाण्यात. ब्राँझ-विंग्डचा नर मात्र पंखाखाली घेऊन चालायला लागतो, म्हणून ते लोंबणारे पाय!

आता ज्यांना अजून ‘आई ती आईच’ म्हणायचंय त्यांच्यासाठी पनामा. तिथे चाग्रेस नदीवर वॉटल्ड जकाना नावाचा यांचा भाऊबंद आहे. संशोधकांनी काही माद्या मुद्दाम तिथून काढून टाकल्या. रिकाम्या हद्दीत नव्या माद्या घुसल्या आणि तिथल्या पिल्लांना मारायला, हाकलायला लागल्या. कारण सरळ आहे, पिल्लात अडकलेला नर तिच्या काय कामाचा, तो मोकळा झाला तर तिची अंडी उबवेल. हा अभ्यास 1989 मध्ये छापून आलाय. यावर एका ताईंनी मागे लिहिलं होतं, ‘असलं नका सांगू, पोरं बघतात’. ताई, पोरांना काही होत नाही, त्यांना आवडतं असलं.

का बदललं असेल हे काम, तर एक कारण असं मानतात की पाण्यावरची घरटी फार वाया जातात, साप, कावळे, म्हशी, चढतं पाणी, काहीही. अशा वेळी झटपट नवीन अंडी देऊ शकणारी मादी आणि घरटं न सोडणारा नर, ही वाटणी परवडते.

कुठे दिसतील? गोंदिया-भंडाऱ्याची तळी, नाशिकजवळ नांदूर मधमेश्वर, गोव्यात करमळीचं तळं. मोठं तळं नसलं तरी चालतं, पण तरंगती पानं हवीत. इथे जलपर्णीवाले येतात, ‘मग जलपर्णी चांगलीच की’. चालतो तो जलपर्णीवर, मी कुठे नाही म्हणतोय, पण अख्खं तळं झाकून गेलं की खालचं सगळं मरतं आणि कमळ, कुमुद, शिंगाडा यांना जागाच उरत नाही. अर्जुनी मोरगाव भागात ढिवर समाजाच्या लोकांनी तळ्यात माजलेली बेशरम नावाची झुडपं काढून देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्यात, मासे वाढावेत म्हणून, आणि पक्षी आपसूक आले. तैवानमध्ये तर हायस्पीड रेल्वेच्या कामात लांब शेपटीच्या कमळपक्ष्यांची जागा जाणार म्हणून भरपाईत 2000 साली गुआनतियनला पार्क केलं, आणि तेही शिंगाड्याच्याच गावात. पन्नासच्या आसपास उरले होते तिथे, आता हजारावर गेलेत.

शेवटी एक विनंती, ड्रोन. जुलै-ऑगस्टमध्ये घरट्यावर ड्रोन नेऊ नका. नर उडाला की अंडी उघडी, आणि काठावरचा कावळा तुमच्यापेक्षा हुशार आहे. 400 एमएमची लेन्स नसेल तर दुर्बिणीने बघा, फोटो नाही आला तर नाही आला. पुढच्या व्हिडिओत पाणलावा हा पक्षी घेतोय, तिथेही अंड्यांवर नरच बसतो, पण तिथे मादी रंगानेच ओळखू येते, त्यामुळे भांडण कमी होईल अशी आशा. कॅप्शनवाले, कमेंट्समध्ये भेटू.