दीड तासाचा बर्फ

(मंडळाच्या जून महिन्यातील मेळाव्यात केलेले भाषण, संकेतस्थळासाठी थोडे संपादित करून)

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणीतील सहकारी आणि मागच्या रांगेत मुलांच्या हातात बिस्किटे देऊन त्यांना कसेबसे बसवून ठेवलेले समस्त आईबाबा,

किंग्ज बर्थडेची, म्हणजे राजाच्या वाढदिवसाची, जूनमधली सुट्टी आली की ऑस्ट्रेलियातल्या आपल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या डोंगरांवर बर्फाचा हंगाम सुरू होतो आणि आपल्या मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दरवर्षीचा प्रश्न येतो, "लहान मुलांना घेऊन एका दिवसात बर्फ बघून येता येईल का?" याचे उत्तर मी द्यावे असे कार्यकारिणीला वाटले, ते बहुधा आमच्या पहिल्या सहलीची फजिती सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे. जाऊन येता येते, त्यात शंका नाही. मात्र तीन-चार वर्षांचे मूल बर्फात आनंदाने फार तर दीड तास टिकते, आणि पहाटेची धावपळ, चार-साडेचार तासांचे गाडी चालवणे, भाड्याने आणलेले कपडे हे सगळे त्या दीड तासासाठी असते, एवढे घरून निघण्यापूर्वीच मान्य केलेले बरे. "एवढे पैसे भरलेत, आता चार वाजेपर्यंत थांबू" असे कोणी म्हटले की तिथून पुढे दिवस बिघडत जातो. हे वाक्य आमच्या घरात मीच म्हटले होते.

आपल्यापैकी बहुतेकांचा बर्फाशी पहिला परिचय गोळेवाल्याच्या गाडीवरचा, लाकडाच्या भुशातून काढलेल्या लादीचा. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी एखाद्या पहाटे दव गोठले की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्याचे छायाचित्र येते, इतके आपल्याकडे त्याचे अप्रूप. लादीलाही आपण बर्फच म्हणतो आणि आकाशातून भुरभुरत येणाऱ्या हिमालाही बर्फच, त्यामुळे ही दुसरी वस्तूही कडक आणि कोरडी असणार अशी माझी समजूत होती. मेलबर्नजवळच्या डोंगरांवर हिवाळ्यातले तापमान बहुधा शून्याच्या आसपास घुटमळत असते, म्हणून तिथला बर्फ ओलसर असतो. तो कपड्यांना चिकटतो, अंगाच्या उबेने वितळतो आणि आत झिरपतो. मुलाला थंडीपेक्षा हा ओलावाच अधिक छळतो.

त्या पहिल्या सहलीच्या वेळी आमचा धाकटा साडेतीन वर्षांचा होता आणि त्याच्या हातात साताऱ्याच्या आजीने विणलेले निळे लोकरी हातमोजे होते, ज्यांचे फोटो आजीला पाठवायचे हा सहलीमागचा एक मोठा हेतू होता. पहिल्या पाच मिनिटांत त्याने तीन गोळे केले. दहाव्या मिनिटाला प्रत्येक बोटाच्या टोकाला वाटाण्याएवढ्या बर्फाच्या गाठी लोकरीत अडकून बसल्या होत्या. तो त्या दातांनी ओढून काढत होता आणि दर वेळी लोकर आणखी भिजत होती. विसाव्या मिनिटाला त्याने दोन्ही हात अंगापासून लांब, जणू ते दुसऱ्या कोणाचे आहेत असे धरले आणि भोकाड पसरले. मोजे काढले तर बोटे लालबुंद. खाली सुती जीनची पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती, आणि बदलायला दुसरी पँट आम्ही आणली नव्हती. पुढचा पाऊण तास तो गाडीत माझ्या शालीत गुंडाळून बसला आणि थोरलीचे टोबोगन (बर्फाच्या उतारावरून बसून खाली यायची छोटी घसरगाडी) बाहेर त्याच्या बाबांच्या देखरेखीखाली चालले. फोटो मात्र पहिल्या पाच मिनिटांतले असल्यामुळे उत्तम आले आहेत.

तेव्हा कपड्यांबद्दल सविस्तर बोलते. सुती कापड पाणी धरून ठेवते आणि भिजले की अंगातली ऊब ओढून घेते, म्हणून बनियनपासून मोज्यांपर्यंत सुती काहीही नको. अंगालगत थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, आणि सर्वांत वर पाणी आत न येऊ देणारे जॅकेट व पँट, अशा तीन थरांत मूल व्यवस्थित उबदार राहते आणि घाम आला तर मधला थर काढताही येतो. आजीची लोकर वाईट नाही. तिची जागा आत आहे, बाहेर नाही. हातमोजे पाणी न शिरणारे हवेत आणि तान्ह्यांना व लहानग्यांना बोटे सुटी नसलेले, पिशवीसारखे, कारण त्यात बोटे एकमेकांना ऊब देतात. असे दोन जोड न्यावेत. कानटोपीचा उल्लेख आपल्या लोकांसमोर करायची गरज नाही. पुण्याच्या नोव्हेंबरात ती घालणारे आपण इथे ती विसरणार नाही. जॅकेट, पँट आणि बूट विकत घेण्याच्या फंदात पडू नका, मुले वर्षभरात त्यांतून बाहेर येतात. वाटेवरच्या मेरीसव्हिल गावात हे सगळे भाड्याने मिळते.

एक गोष्ट मात्र घरूनच ठरवून निघा. फुगीर जॅकेट घालून मुलाला गाडीतल्या सीटमध्ये बसवू नये, कारण पट्टे घट्ट वाटले तरी धक्का बसताच जॅकेट दबते आणि पट्टा सैल पडतो. जॅकेट काढून पट्टे लावावेत आणि ते पांघरुणासारखे वरून घालावे.

आता जागा कोणती. बुलर किंवा हॉथम ही बर्फाच्या डोंगरांमधली मोठी नावे आहेत; त्यांतले बुलर तीन तासांवर आणि हॉथम त्याहूनही दूर, म्हणून लहान मुलांबरोबर एका दिवसासाठी ती मी बाजूला ठेवते. आपल्याला खरे पर्याय दोन. वॉर्बर्टनच्या वरचा माउंट डोना बुआंग हा सर्वांत जवळचा, सुमारे 1250 मीटर उंचीचा, प्रवेश शुल्क नाही. पण उंची कमी असल्याने तिथला बर्फ आज आहे आणि उद्या नाही, म्हणून निघण्याच्या सकाळी परिस्थिती पाहूनच ठरवावे. दुसरा लेक माउंटन, सुमारे 1430 मीटर, मेलबर्नपासून साधारण दोन तास. तिथे टोबोगनच्या उतारांवर यंत्राने केलेला बर्फही असतो, त्यामुळे मुलांच्या हाती अगदीच चिखल लागत नाही. आम्ही दर वेळी तिथेच जातो.

त्या रस्त्याचेही सांगण्यासारखे आहे. हील्सव्हिल सोडले की ब्लॅक स्परचा घाट लागतो. दोन्ही बाजूंना माउंटन अ‍ॅशची सरळसोट झाडे, जगातल्या सपुष्प वनस्पतींमध्ये सर्वांत उंच वाढणारी, आणि त्यांच्या पायाशी माणसाहून उंच नेचे. मोठ्यांना खंडाळ्याची आठवण येते, मुलांना ओकारी येते. आमच्या गाडीत आलेपाकाची डबी समोरच असते आणि घाटापूर्वी मुलांना दूध देत नाही. पुढे मेरीसव्हिल लागते. 7 फेब्रुवारी 2009 च्या वणव्यात हे गाव जवळजवळ पूर्ण जळाले. त्या दिवसाच्या वणव्यांत राज्यात 173 माणसे गेली. गाव पुन्हा उभे राहिले आहे, पण लेक माउंटनवर चढताना पांढुरके, निष्पर्ण स्नो गम (निलगिरीच्या जातीची झाडे) अजूनही उभे दिसतात आणि त्यांच्या बुडातून नवे फुटवे आलेले असतात. थोरलीने विचारले होते, "ही झाडे बर्फामुळे वाळली का?" मी खरे ते सांगितले. सहा वर्षांच्या मुलीला ते कळले, आणि नंतर बराच वेळ ती खिडकीतून बाहेर बघत राहिली.

हंगामात टू-व्हील ड्राइव्ह गाडीने वर जायचे तर स्नो चेन, म्हणजे बर्फात घसरू नये म्हणून चाकांना लावायच्या साखळ्या, गाडीत असणे सक्तीचे आहे, आणि रस्त्यावरच्या फलकाने सांगितले की त्या लावाव्याच लागतात. त्या भाड्याने मिळतात. पण भाड्याने घेतल्या म्हणजे लावता येतात असे नाही. चेन गाडीला ओढणाऱ्या चाकांना लावायची असते. आमची गाडी पुढच्या चाकांवर चालते हे माहीत असूनही, गोठलेल्या बोटांनी, पाठीमागे लागलेल्या गाड्यांच्या रांगेच्या दडपणाखाली मुलांच्या बाबांनी त्या मागच्या चाकांना लावल्या, आणि शेजारच्या गाडीतल्या एका वयस्कर गृहस्थांनी काही न बोलता, फक्त बोटाने पुढची चाके दाखवली. आदल्या रविवारी घराच्या दारातच एकदा लावून आणि काढून पाहा, मुलांनाही त्यात गंमत वाटते. वर गाडी उभी करताना हँडब्रेक ओढून ठेवू नका, तो गोठू शकतो. गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये ठेवा आणि वायपर काचेवरून उचलून ठेवा. डिझेलची गाडी असेल तर डोंगराजवळच्या पंपावर मिळणारे अल्पाइन डिझेल भरा, कारण साधे डिझेल कडाक्याच्या थंडीत घट्ट होऊ लागते. बाबागाडी घरीच राहू द्या, तिची चाके बर्फात रुततात; तान्हे बाळ असेल तर ते पोटाशी बांधून घ्या, मात्र बाळाला कडेवर किंवा पोटाशी घेऊन टोबोगनवर कोणीही बसू नये.

टोबोगन हा लहानग्यांचा खरा खेळ आहे. तो आखून दिलेल्या उतारावरच खेळावा, पाय पुढे करून बसावे, हेल्मेट घालावे आणि खाली पोहोचल्यावर ताबडतोब बाजूला व्हावे, कारण वरून येणाऱ्याला थांबता येत नाही. वर चढताना मधून नव्हे, कडेने चढावे. पाचव्या फेरीनंतर टोबोगन कोण वर ओढून आणणार यावरून भांडणे होतात, आणि आपल्याकडे ते काम बाबांनाच पडते. ऊन मला पहिल्या वर्षी मुळीच लक्षात आले नव्हते. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी 80 टक्क्यांपर्यंत किरण परत फेकतो, म्हणजे टोपीच्या सावलीतही हनुवटी आणि नाकाची खालची बाजू भाजते. ढगाळ दिवसही त्याला अपवाद नाही. सनस्क्रीन आणि मुलांना बसतील असे गॉगल हवेतच.

वरच्या उपाहारगृहात दुपारी रांग असते आणि भुकेल्या मुलाला थंडी अधिक वाजते, म्हणून खाणे घरचेच न्या. मोठ्या तोंडाच्या थर्मासमध्ये तूप घातलेली मऊ मुगाची खिचडी चार तास गरम राहते. गूळपोळी आणि डिंकाचे लाडू मोजे न काढताही धरता येतात. थालीपीठ मात्र थंड झाले की चामड्यासारखे होते, अनुभवाने सांगते. मुलांना तहान लागलेली कळत नाही, कोमट पाणी मधून मधून द्यावे, आणि बर्फ खाऊ देऊ नये. तो पांढरा दिसला तरी त्यावरून शेकडो बूट गेलेले असतात.

मूल गप्प झाले की परत फिरायचे, हा आमच्या घरचा नियम. रडणारे मूल कुठे दुखते ते सांगत असते. पण खेळता खेळता गप्प झालेले, कुडकुडणारे, ओठ निळसर पडलेले मूल थंडीपुढे हरत असते, आणि लहान शरीर मोठ्यांपेक्षा फार लवकर गार पडते. अशा वेळी आधी ओले कपडे काढायचे, कोरडे घालायचे, गरम काहीतरी पाजायचे, पोटाशी धरायचे. हातपाय जोराने चोळायचे नाहीत. कोरड्या कपड्यांची पिशवी डिकीच्या तळाशी नव्हे, सीटवर ठेवावी. आम्ही साधारण दहाला वर पोहोचतो आणि दोनच्या आत उतरायला लागतो. जूनअखेरीस इथे सव्वापाचच्या आत सूर्य मावळतो, आणि तिन्हीसांजेला घाटात वॉम्बॅट आणि वॉलबी हे प्राणी रस्त्यावर येतात.

मागच्या वर्षी उतरताना धाकट्याने खिचडीच्या रिकाम्या थर्मासमध्ये बर्फ भरून घेतला. तो साताऱ्याच्या आजीला दाखवायचा होता. हील्सव्हिलपर्यंत तो झाकण उघडून उघडून बघत राहिला, त्यामुळे घरी पोहोचेपर्यंत आत वाटीभर पाणी, गमचे एक पान आणि खिचडीची दोन शिते एवढेच उरले होते. त्याने ते पाणी स्टीलच्या डब्यात ओतून फ्रीजरमध्ये ठेवायला लावले. दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओ कॉलवर त्याने डबा उलटा करून आजीला ती चकती दाखवली. आजी म्हणाली, "अरे, हा तर आपल्या गोळेवाल्याचा बर्फ." तो काही क्षण चकतीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "नाही आजी, काल हा मऊ होता."