पोट बांधताना

(दृश्य: इंदूर, रामबाग. सकाळ. दोरीवर मलमलच्या लांब पट्ट्या, शेजारी दुपटी आणि लंगोट.)

अशा पट्ट्या दोरीवर दिसल्या की घरात बाळंतीण आहे हे वेगळं सांगावं लागत नाही. मालिशवाली मावशी येते, तेल लावते, आंघोळ घालते आणि मग पोट बांधते. का, विचारलं तर उत्तर ठरलेलं: "नाहीतर पोट सुटेल, वारा धरेल."

वाऱ्याचं राहू द्या. बाळंतपण झाल्या झाल्या गर्भाशय जवळपास एक किलोचं असतं आणि त्याचं वरचं टोक बेंबीच्या आसपास हाताला लागतं. रोज साधारण बोटभर खाली उतरत दहा ते चौदा दिवसांत ते ओटीपोटाच्या हाडामागे जातं. सहा आठवड्यांनी त्याचं वजन शंभर ग्रॅमच्या आत आलेलं असतं. हे सगळं गर्भाशयाचे स्नायू स्वतः करतात. बाळ अंगावर प्यायला लागलं की पोटात कळ येते ना, ती त्याचीच. यात पट्ट्याचा हात नाही. चरबी तर त्याने मुळीच वितळत नाही.

पट्टा उपयोगी पडतो तो पोटाच्या भिंतीला. पोटावर मधोमध दोन उभे स्नायू असतात. गरोदरपणात त्यांना जोडणारा पडदा ताणून रुंद होतो, आणि पहिले काही दिवस उठता-बसताना पोट लोंबल्यासारखं वाटतं, कंबर भरून येते. तेवढ्यापुरता बाहेरून आधार मिळाला की चालणं सोपं होतं.

(दृश्य: पलंगावर पसरलेली जुनी सुती साडी. दोन हात ती उभी फाडताहेत.)

कापड जुनं हवं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. जुनी साडी नसेल तर एम. टी. क्लॉथ मार्केटमधून साधी मलमल आणून दोन-तीनदा धुवावी. नव्या कापडाची खळ कातडीला काचते. महेश्वरी पातळ कितीही मऊ वाटलं तरी घेऊ नये. त्यात रेशीम असतं, वेढा घसरतो.

साडी साडेपाच मीटर लांब, साधारण 115 सेंटिमीटर रुंद. काठ काढून लांबीत चार पट्ट्या फाडल्या की प्रत्येक सुमारे 27 सेंटिमीटरची होते. ती दुहेरी घडी घालून वापरायची. एका साडीत चार पट्ट्या: एक अंगावर, एक दोरीवर, दोन कपाटात. इंदूरच्या मे महिन्यात घामोळं टाळायचं तर एवढ्या लागतातच.

(दृश्य: बाळंतीण पाठीवर झोपलेली, गुडघे दुमडलेले.)

आधी लघवीला जाऊन यायचं. मग उताणं झोपायचं, गुडघे वर. पट्टी कमरेखालून सरकवायची ती बेंबीच्या पातळीवर नव्हे, तर मांडीच्या सांध्याशी बाजूला जे हाड हाताला लागतं, तिथे. पहिले दोन वेढे तिथेच, एकावर एक. त्यानंतरचा प्रत्येक वेढा चार-पाच सेंटिमीटर वर चढवत न्यायचा, आणि बरगड्या लागायच्या आधी थांबायचं. कंबर मीटरभर असेल तर पाच वेढे बसतात. उरलेलं टोक बाजूला खोचायचं. पोटावर किंवा पाठीवर गाठ नको. झोपल्यावर ती रुतते. मावशी मधूनच म्हणते, "श्वास सोड गं." सोडावा, पण पोट आत ओढू नये. पोट ओढून बांधलेला पट्टा उठून बसलं की काचतो.

वेढ्याखाली दोन बोटं सहज जायला हवीत, आणि बसल्यावर पूर्ण श्वास घेता यायला हवा.

बहुतेकदा चूक होते ती इथेच. कमरेत घट्ट आणि खाली सैल असं बांधलं, तर दाब खाली जातो. तिथे योनीभोवतीचे स्नायू आधीच ताणलेले असतात. खोकताना लघवीचे थेंब गळणं, खाली जड वाटणं, काहीतरी उतरल्यासारखं वाटणं ही त्याची लक्षणं. असं झालं की पट्टा त्याच क्षणी सोडायचा. म्हाताऱ्या बायका खालून वर बांधत, ते अगदी बरोबर होतं. "जितकं घट्ट तितकं चांगलं" हे मात्र नव्हे.

दवा बाजारात मिळणाऱ्या वेल्क्रोच्या पट्ट्याची गंमत अशी, की लोक तो गरोदरपणाआधीच्या मापाचा आणतात. माप आजच्या पोटाचं घ्यावं, तेही बेंबीवर. बसताना पट्टा वर गुंडाळला जात असेल तर तो कंबरपट्टा झाला, आधार नव्हे.

सिझेरियन झालं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधू नये. पट्ट्याची कड टाक्यांच्या रेषेवर येता कामा नये. जखम पूर्ण झाकली जावी, मध्ये कोरडं सुती कापड असावं. घामाने ओलं झालं की लगेच बदलायचं. उठताना आधी कुशीवर वळायचं, पट्टा असला तरी.

सुरुवातीला दिवसातून दोन-तीन तासच बांधावा, पुढे दिवसभरात आठ-दहा तास पुरेत. जेवताना सैल, रात्री काढलेला. सव्वा महिन्यानंतर हळूहळू कमी.

ताप 38 अंश सेल्सिअसवर गेला, तासाभरात पॅड पूर्ण भिजलं, टाक्यांतून पू आला, एका पोटरीला सूज आली किंवा धाप लागली, तर पट्टा सोडून सरळ दवाखाना गाठायचा.

(दृश्य: उताणी झोपलेली बाई डोकं जरासं उचलते; बेंबीच्या वर तिची बोटं आडवी ठेवलेली.)

सहा ते आठ आठवड्यांनी हे करून बघावं. डोकं उचललं की दोन्ही स्नायू कडक होतात आणि मधली फट बोटांना कळते. दोन बोटांपेक्षा जास्त रुंद असेल, किंवा मधोमध उंचवटा येत असेल, तर फिजिओथेरपिस्टकडे जावं. तोवर सिट-अप्स नकोत. फट भरली असेल तर दोरीवरच्या त्या पट्ट्या बाळाच्या लंगोटांना कामी येतात.