बाबा साताऱ्यात, अर्ज न्यू जर्सीत

शिकायला अमेरिकेत गेलेला मुलगा तिथल्या नागरिक मुलीशी लग्न करतो आणि तिथेच राहून ग्रीन कार्डाचा अर्ज भरतो. निकाल यायला महिनोन् महिने जातात. नेमक्या त्याच काळात साताऱ्याहून भावाचा फोन येतो: बाबांना अर्धांगवायूचा झटका आलाय, लगेच नीघ.

तिकीट काढण्याआधी एक कागद हातात हवा, तो म्हणजे ॲडव्हान्स परोल, परत येण्याची आगाऊ परवानगी. ती नसताना देश सोडला, की अर्जच सोडून दिला असं धरतात. एच-1बी आणि एल या नोकरीच्या व्हिसावाल्यांना यातून सूट आहे, विद्यार्थी व्हिसावाल्यांना नाही. व्हिसाची मुदत उलटून राहिलेल्याने तर वकिलाला विचारल्याशिवाय विमानतळाकडे फिरकूच नये. गावाकडे मात्र बोललं जातं, 'सुनेनं अडवून धरलं.' त्या बिचारीचा यात काडीचाही संबंध नसतो.

म्हणून ॲडव्हान्स परोलचा आय-131 फॉर्म ग्रीन कार्डाच्या आय-485 अर्जासोबतच भरावा, घरी सगळे धडधाकट असताना. राहून गेला असेल, तर अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या स्थानिक कार्यालयात तातडीची परवानगी मागता येते. त्यासाठी रुग्णालयाचं पत्र घ्यावं, त्यात हे सगळं हवं: रुग्णाचं पूर्ण नाव, निदान, प्रकृती गंभीर असल्याचा स्पष्ट उल्लेख, तारीख, डॉक्टरांची सही-शिक्का. 'ॲडमिट आहेत' एवढ्या चिठ्ठीवर काम अडतं. पत्र मराठीत असेल, तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं. नातं दाखवायला जन्मदाखला लागतो. जुन्या दाखल्यांत पुष्कळदा बाळाचं नावच नसतं. ते नगरपालिकेत आधीच लावून घ्यावं.

कार्ड मिळालं तरी ओढाताण सुटत नाही. लग्नाला 2 वर्षं व्हायच्या आत मिळालेलं कार्ड 2 वर्षांपुरतंच असतं. मुदत संपण्याआधीच्या 90 दिवसांत नवरा-बायकोने मिळून आय-751, म्हणजे कार्डावरची ही अट काढण्याचा अर्ज, भरायचा आणि संसार खरा असल्याचे पुरावे द्यायचे: दोघांच्या नावचा भाडेकरार, सामाईक खातं, टॅक्स रिटर्न. मुलगा सहा-आठ महिने बाबांच्या उशाशी आणि सून न्यू जर्सीत, हे कागदावर घर मोडल्यासारखं दिसतं. तेव्हा सून साताऱ्याला येऊन गेल्याची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, कॉलच्या नोंदी, बाबांच्या उपचाराची कागदपत्रं, सगळं जपावं. मुक्काम वर्षापलीकडे जाईलसं वाटलं, तर रीएंट्री परमिटचा, म्हणजे लांबच्या मुक्कामानंतर परत येण्याच्या परवान्याचा, अर्ज निघण्यापूर्वी, अमेरिकेत असतानाच करावा लागतो.

इकडे पहिली अडचण पेन्शनची. बाबांचा हात चालत नाही, सही जमत नाही. अंगठ्याचा ठसा चालतो. तोही शक्य नसेल तर पायाच्या अंगठ्याचा. साक्षीदार दोन, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. रिझर्व्ह बँकेचे तसे निर्देश आहेत, त्यामुळे 'पेशंटला शाखेत घेऊन या' म्हणाले तर ते दाखवावेत. खात्याला आईचं नाव 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कोणीही किंवा मागे राहील तो) म्हणून आधीच लावलेलं असेल, तर तिच्या एकटीच्या सहीवरही पैसे निघतात.