मानशीचं दार

(दृश्य : गोव्यातलं चोडण बेट, मांडवीचा काठ. पहाट. मानशीचं लाकडी दार जवळून.)

दार हलतंय, बघा. मानस म्हणजे बांधातली पाण्याची वाट, तिचं हे दार. कुणी हात लावलेला नाही. भरतीचं पाणी चढलं की त्याच्याच दाबानं फळी चौकटीला घट्ट बसते. ओहोटी लागली की आत साठलेलं पाणी तिला बाहेर लोटतं. दाराच्या मागं खाजन आहे, भरतीच्या पातळीहून खाली असलेली शेतजमीन. तिथं कोरगुट पिकतं, खारं सोसणारं भात.

हे सगळं मातीच्या बांधानं राखलंय. पूर्वी बांधाला खांड पडली की गावकरी, म्हणजे गावची जमीन सामाईक सांभाळणारी संस्था, माणसं बोलवायची. १९६४च्या कुळकायद्यानंतर हे काम कूळसंघांकडे, म्हणजे जमीन कसणाऱ्या कुळांच्या संघांकडे आलं.

(दृश्य : खनिजानं भरलेली बार्ज. तिची लाट बांधावर आपटते.)

२०१०-११ या एका वर्षात गोव्याच्या बंदरांतून पाच कोटी टनांहून जास्त लोहखनिज गेलं, बहुतेक चीनला. खाणीतून नदीकाठापर्यंत ट्रकनं आणि तिथून बंदरापर्यंत ते मुख्यतः नद्यांतूनच जायचं. प्रत्येक बार्जमागं उठणारी लाट बांधाची थोडी माती घेऊन जायची. खेपेचे पैसे खाणवाल्याला मिळाले. झिजलेली माती मात्र कुणाच्याच वहीत मांडली गेली नाही. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयानं खाणी थांबवल्या. मधे काही वर्षं चालून २०१८ साली त्या पुन्हा बंद झाल्या. २०२४पासून काही पुन्हा सुरू झाल्या आहेत.

आणि ते खनिज पुढं कोळशाच्या भट्टीत गेलं. एक टन पोलाद करताना दोन टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. जगभरच्या अशा धुरानं समुद्र तापतोय, फुगतोय. आमच्या डोंगराचा दगड विकला गेला आणि त्याचा वाटा भरती होऊन आमच्याच बांधाशी आला.

(दृश्य : मानशीला बांधलेलं जाळं, त्यात उसळणारी मासळी.)

मानशीवर मासळी धरण्याच्या हक्काचा ठरावीक मुदतीसाठी लिलाव होतो. तो पैसा बांधाच्या डागडुजीला लागावा, अशी मूळ रीत. पण ज्यानं मोठी बोली लावली, त्याला मुदतीच्या आत पैसे वसूल करायचे असतात. मग काही ठिकाणी भरतीलाही दार उघडं राहतं. मासळी जास्त मिळते, आणि खारं पाणी शेतात भरतं. दोन-तीन हंगाम असे गेले की भात बंद. पडीक शेताला गिऱ्हाईक लगेच मिळतं, हे गोव्यात कुणाला सांगायला नको.

लिलावाच्या करारातच लिहायला हवं : भरतीला दार बंद, आणि पहिला पैसा बांधाला. खनिजाच्या प्रत्येक खेपेवरही बांधाचा वाटा बसवावा.

(दृश्य : अमावास्येची भरती. पाणी बांधाच्या माथ्यापासून वीतभर खाली. एक बाई ओल्या चिखलाचा गोळा फटीत दाबते, वर पायानं थापते आणि दुसरा आणायला वळते.)